न मोजलेला कळप

"शून्य!" बिरा लवटे असा ओरडला की जाळीच्या वाघरीतलं कोकरू दचकून आईच्या पोटाखाली शिरलं. "माझ्या पोरीला शून्य? अगं, त्या डबड्याला काय अक्कल हाय का न्हाई?"

डबडं म्हणजे टॅब. तो बाणूच्या हातात होता आणि बाणू खाली मान घालून उभी होती. अकरा वर्षांची पोर, एरवी तोंडाला खीळ नाही, पण आज तिच्या तोंडातून चकार शब्द निघत नव्हता. टॅबमधल्या आवाजाला मात्र कशाचंच काही नव्हतं. त्यानं तेच पुन्हा शांतपणे ऐकवलं.

"बाणाई बिरुदेव लवटे. वय अकरा. आकृती, शंभर. जुळवाजुळव, शंभर. भाषा, एक्क्याण्णव. संख्या, शून्य. अंतिम चाचणी आज दुपारी बारा वाजता. संख्या विभागात किमान साठ गुण न मिळाल्यास अंकुर वर्गातली जागा पुढच्या विद्यार्थ्याला दिली जाईल आणि टॅब परत घेतला जाईल."

बिराची बायको सारिका चुलीपाशी भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. अंकुर वर्ग म्हणजे काय चीज आहे ते आता साऱ्या वाड्याला ठाऊक होतं. सगळ्या राज्यातून चाळीस पोरं निवडायची, रानावनातली, डोंगरातली, बेटावरची, आणि त्यांना अठराव्या वर्षापर्यंत मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी घरबसल्या शिकवायचं. ज्यांना घरच नाही त्यांना चालत्या बिऱ्हाडावर शिकवायचं. बाणू पहिल्या फेरीत आली तेव्हा बिरानं म्हसवडपासून नीरेच्या कालव्यापर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं. चहावाल्याला सांगितलं, पशुवैद्याला सांगितलं, एका अनोळखी लग्नाच्या वऱ्हाडालाही सांगितलं. आता त्याच तोंडानं शून्य कसं सांगायचं?

"बाणे, तुला दोन आणि तीन किती हे येत न्हाई व्हय गं?"

"येतं की."

"मग?"

बाणू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

दिवाळी झाली की लवट्यांचा वाडा माणदेशातून निघायचा. वाडा म्हणजे हा मेंढपाळांचा तळ. चार बिऱ्हाडं, सात घोडी, तीन कुत्री, रात्री कळप कोंडायला जाळीची वाघर आणि मेंढरं. जिथं पीक निघालंय तिथं शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, खत द्यायचं आणि पुढं सरकायचं. अशा माणसांच्या पोरांना शाळा भेटायची ती सहा महिने, तीही तुटक. चार वर्षांपूर्वी मात्र मेंढरांच्या गळ्यात पट्टे आले आणि शाळाच मेंढरांबरोबर चालायला लागली.

पट्टे खरं तर रोगराईसाठी होते. प्रत्येक मेंढीच्या गळ्यात सुपारीएवढा रेडिओ, वर उन्हावर चालणारी पातळ पट्टी. मेंढीला ताप आला की तो रेडिओ शेजारच्या मेंढीच्या रेडिओला सांगायचा, तो पुढच्या मेंढीला आणि असं करत निरोप कानोकान जायचा, तो थेट जिच्यावरून मनोरा किंवा आकाशातला उपग्रह दिसतो त्या मेंढीपर्यंत. तिथून तो जगात जायचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ताप जातो त्या वाटेनं धडाही जाईल. चित्रपट नाही जाणार, पण आवाज, अक्षरं आणि साधी चित्रं सहज जातील. मेंढरं रानात जितकी पसरतील तितकी वाट लांब. धनगराची पोरगी ओढ्याच्या काठाला बसून पुण्याच्या बाईंशी बोलायची आणि मधे दीड कोसाचं अंतर मेंढ्या पार पाडायच्या.

पट्टे बांधायला आलेल्या पोरसवदा साहेबाला बिरानं एकच अट घातली होती. त्या टॅबवर कळपाचा आकडा दिसता कामा नये. "आकडा दाखवलास तर तुझं पट्टं घोडीच्या शेपटीला बांधीन," असं तो म्हणाला होता आणि साहेबाला ती थट्टा वाटली नाही. त्यानं आकडा झाकला. तेव्हापासून टॅब सकाळ-संध्याकाळ "सगळी हजर" एवढंच सांगायचा, नाहीतर "कमी आहेत".

लवट्यांच्या वाड्यात मेंढरं मोजत नसत. मोजली की दृष्ट लागते, आकडा उच्चारला की तो घटायला लागतो. मग कळप पुरा आहे हे कळायचं कसं? जोड लावून. सांजेला कोकरं वाघरीतून सोडायची, प्रत्येक कोकरू आपापल्या आईला हुडकत जायचं. पान्हा दाटलेली एखादी मेंढी एकटीच ओरडत राहिली तर कोकरू हरवलं आणि कोकरू ओरडत राहिलं तर आई हरवली. एकही आकडा न घेता सारा हिशेब पुरा. बाणू चालायला लागल्यापासून हेच बघत आली होती आणि जोड लावण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

"बाणे, बोल बाय," सारिका जवळ येऊन बसली. हाताला पीठ तसंच. "परीक्षेत काय इचारतं ते डबडं?"

बाणूनं आईकडं बघितलं, मग बापाकडं. मग तिनं टॅबवर बोट फिरवून कालचा सराव उघडला आणि टॅब बापापुढं धरला.

बिरा वाकला. पडद्यावर चित्र होतं. चित्रात एक काळी मेंढी, कान कापलेली. शेजारी दोन पांढऱ्या, त्यातल्या एकीच्या कपाळावर तपकिरी ठिपका.

"आयला! ही तर आपली कानकापी!"

"व्हय."

"आणि ही ठिपकी!"

"सगळी आपलीच हायत. मी काढलेलं फोटो घेतंय ते." बाणूचा आवाज रडकुंडीला आला. "आणि इचारतंय, या चित्रात मेंढ्या किती? मग म्हणतंय, अजून पाच आल्या, आता किती? मी कसं सांगू, आबा? मी गप बसले. मग त्याला वाटलं मला जमंना, म्हणून ते आणखी सोपं इचारायला लागलं. दोन मेंढ्या दाखवल्या, म्हणतंय, किती? मी तरी गप. मला वाटलं ते बघतंय, ही पोरगी रीत पाळते का न्हाई."

बिरा मट्‌कन खाली बसला. आधी त्याला हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग ते हसू कुठं गेलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"लाव," तो म्हणाला. "शिकलगार बाईंना लाव."

शिकलगार बाई या बाणूच्या मार्गदर्शक, मिरजेच्या, गणितातल्या डॉक्टर. आवाज खणखणीत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा कपाळावर हात मारल्याचा आवाज इकडं ऐकू आला.

"या अल्ला! बिरूभाऊ, चूक उमजची आहे, आणि चांगुलपणातून झालेली आहे!"

उमज हे त्या यंत्राचं नाव. बाईंनी ते बिराला कळेल असं सांगितलं, आणि बिराला कळलंही. उमज हे काही नुसतं प्रश्न विचारणारं यंत्र नव्हतं. ते पोराच्या मनाचा एक नमुना आपल्यात उभा करायचं. पोरगं किती वेळ थांबतं, कुठं चुकतं, चुकून पुन्हा कुठल्या वाटेनं येतं हे सगळं टिपून ठेवायचं. काही आठवड्यांनी पोर काय उत्तर देणार हे पोराच्या आधी उमजला ठाऊक असायचं. बहुतेकांच्या बाबतीत त्याचा अंदाज खरा ठरायचा. एखाद्याच्या बाबतीत मात्र तो वारंवार चुकायचा, आणि तरी ते पोर बरोबर असायचं. उमज अशाच पोरांच्या शोधात होतं. हुशार कोण, तर ज्याचा अंदाज बांधता येत नाही तो.

"आणि भाऊ, पोरं आपल्या ओळखीच्या गोष्टींत जास्त चांगला विचार करतात हे त्याला कळलंय. कोळ्याच्या पोराला ते होड्या देतं, कुंभाराच्या पोरीला मडकी. बाणूचा जीव मेंढरांत, म्हणून तिला मेंढरं दिली. तिला जमेना असं वाटलं तशी आणखी मेंढरं दिली!"

"मग बाई, आंबं द्या की! चिंचा द्या! ही आत्ता फडाफडा सांगंल."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "नाही देता येत. मागं एका बड्या माणसानं नातवासाठी प्रश्न बदलून घेतले होते, केवढा गदारोळ झाला. तेव्हापासून अंतिम चाचणीला माणसाचा हात लावू देत नाहीत. प्रश्नांचा साठा कालच मोहोरबंद झालाय. दुपारी बाराला बाणूला मेंढरंच येणार."

"सगळी?"

"सगळी. भाऊ, मी तुमच्या रीतीबद्दल काही बोलणार नाही. पण तिला मोकळं करणं फक्त तुमच्या हातात आहे."

सकाळचे नऊ वाजायला आले होते. नियमाप्रमाणे चाचणीच्या तीन तास आधीपासून टॅब चालू ठेवायचा होता, आजूबाजूला कुणी उत्तरं पढवत नाही ना हे ऐकायला. बाणूनं तो सावलीसाठी उभारलेल्या मांडवाच्या खांबाला अडकवला. वाघरीत मेंढरं सुटायला आतुर झाली होती.

"सांगू दे की तिला," सारिका म्हणाली. "डबड्यातल्या तर मेंढ्या."

"तुला म्हाईत न्हाई."

"काय म्हाईत न्हाई?"

बिरानं पटक्याचा शेव सोडला, पुन्हा खोवला. पंधरा वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला जे सांगितलं नव्हतं ते सांगायला त्याला जागा सापडत नव्हती. शेवटी तो मेंढरांकडं तोंड करून बोलला.

"मी बारा वर्षांचा होतो. चौथीपतुर शाळा झालेली. गणितात माझा हात कुणी धरत नव्हतं, गुरुजी मला पुढं उभं करायचं. त्या साली जनावरं मोजायला सरकारी माणूस आला. वाड्यावर समदी गप. आणि मी शहाणा! म्हटलं, थांबा सायेब, मी सांगतो. मेंढरं वाघरीतनं सुटली आणि मी तीन-तीननं मोजली, बघता बघता. मोठ्यानं. सायबानं पाठ थोपटली. म्हणाला, तू मोठा सायेब व्हशील." त्यानं पुन्हा शेव चाचपला. "आठव्या दिवशी मेंढरांवर देवी आली. अर्धा वाडा गेला. माझा बा मला एका शब्दानं बोलला न्हाई. रागावला असता तर बरं झालं असतं. मी शाळा सोडली, आणि त्याच्यानंतर मी काय पण मोजलं न्हाई. सुट्टं पैसं सुद्धा न्हाई."

सारिकानं हातावरचं पीठ झटकलं. बाजारात हा माणूस पैशांची मूठ तिच्या हातात का कोंबतो ते तिला आज कळलं.

"आबा," बाणूनं विचारलं, "तो सायेब आधी कुठं गेलता?"

"कुठं म्हंजे?"

"आपल्या वाड्यावर यायच्या आधी. देवी बुटाला चिकटून येती, लोकरीला चिकटून येती. पट्ट्याच्या धड्यात हाय. तो कुठल्या वाड्यावरनं आलता?"

बिरानं वळून पोरीकडं बघितलं. एकोणतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्यानंही स्वतःला विचारला नव्हता. साहेब आला होता खालच्या अंगाच्या वाड्यावरनं. बुटांना चिखल होता. आणि खालच्या वाड्यावर तेव्हा मेंढरं खंगायला लागल्याची कुजबुज होती की नाही? होती. होती की!

डोक्याला पटलं. छातीला मात्र पटेना. पोरीच्या तोंडून आकडा निघाला आणि उद्या एखादी मेंढी पाय ताणून पडली तर पोरगी जन्मभर काय घेऊन बसेल, हे बिराइतकं कुणाला ठाऊक होतं? तिला नुसतं "सांग" म्हणून भागणार नव्हतं. ज्यानं हे कुलूप घातलं त्यानंच ते उघडायला हवं होतं.

तो उठला. बटव्यातून चिमूटभर भंडारा काढून त्यानं कपाळाला लावला आणि वाघरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"बिरोबा," तो मोठ्यानं म्हणाला, "मोजतोय मी. पोरगी न्हाई. काय घ्यायचं ते माझ्याकडनं घे."

"आवं, काय करताय!" सारिकाच्या तोंडून निघून गेलं. पलीकडच्या बिऱ्हाडातली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. बिरानं दोर ओढला, वाघरीचं तोंड उघडलं आणि मेंढरं उसळली.

"तीन… सहा… नऊ…" पहिले आकडे एकेक करून हळू बाहेर आले. "बारा… पंधरा… अठरा…" मग जीभ सैल झाली. "एकवीस, चोवीस, सत्तावीस, तीस," मेंढरं धुरळा उडवत निघाली होती आणि त्याचा हात हवेत ताल धरत होता. एकोणतीस वर्षं बंद पडलेलं काहीतरी त्याच्या डोक्यात धडधडून सुरू झालं होतं, आणि देवा शपथ, त्यात गंमत वाटत होती! "एकशे तेवीस, एकशे सव्वीस, अरे दोन मागं फिरली, एकशे चोवीस, एकशे सत्तावीस, एकशे तीस," तो क्षणभरही थांबला नाही. बाणू तोंडावर हात ठेवून बापाकडं बघत होती. हा कोण माणूस आहे?

"दोनशे त्र्याऐंशी, दोनशे शहाऐंशी. आणि ह्या दोन म्हाताऱ्या." त्यानं धापा टाकत दोर सोडला. "दोनशे अठ्ठ्याऐंशी!"

म्हातारी माणसं देवाला हात जोडून उभी होती. मांडवाच्या खांबावरचा टॅब तेवढा म्हणाला, "सगळी हजर."

बिरा बाणूकडं वळला. घामानं भंडारा ओघळून नाकावर आला होता. "मोजून झालं. आता आकडा माझ्या नावावर हाय. तुला काय बी इचारलं तरी सांग. समदं सांग."

आणि पोरगी जी बापाच्या गळ्यात पडली ती सोडायलाच तयार नाही.

पण अजून एक घोर होता! दुपारी बाराला उन्हं चढली की मेंढरं सावलीला गोळा होतात, माना एकमेकींच्या पोटाखाली घालून ढिम्म उभी राहतात. ती गोळा झाली की कानोकान जाणारी वाट तुटणार, सकाळी डोक्यावर असलेला उपग्रह तोवर सरकलेला असणार, आणि मनोरा होता टेकाडापलीकडं. सारिकानं पदर खोचला, काठी उचलली. "तुम्ही दोघं हितंच बसा. मेंढरांचं मी बघते." दिराला, जावेला, कुत्र्यांना हाका मारत ती टेकाडाकडं धावली आणि तळापासून टेकाडापर्यंत मेंढरांची लांबच लांब रांग धरून उभी राहिली. एक मेंढी बाभळीकडं सरकली की सारिकाची शीळ घुमायची आणि मेंढी मुकाट मागं यायची.

बारा वाजले. पहिला प्रश्न आला. कानकापी, ठिपकी आणि आणखी चार. किती?

बाणूनं बापाकडं बघितलं. बिरानं मान डोलावली.

"सहा," बाणू म्हणाली.

काही झालं नाही. आभाळ होतं तिथंच राहिलं. मग जी पोर सुटली! दोन वाघरी, एकीत दुसरीच्या तिप्पट, बारा इकडून तिकडं नेल्या तर सारख्या होतात, आधी किती होत्या? "छत्तीस आन् बारा." प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. उमज आज भांबावलं होतं. त्याच्या नमुन्यातल्या बाणूला दोन मेंढ्याही मोजता येत नव्हत्या, आणि ही कोण बोलतेय? त्यानं प्रश्न कठीण केले, आणखी कठीण केले. एकदा मधेच आवाज तुटला, बिरा उठून "सारिकेऽऽ" म्हणून कोकलला, टेकाडावरून शीळ आली आणि आवाज पुन्हा जुळला. बिराला आता बसवत नव्हतं, तो मांडवाभोवती फेऱ्या घालत होता आणि प्रत्येक उत्तराला मांडीवर थाप मारत होता. अर्धी उत्तरं त्याला आधीच सुचत होती, पण ओठ घट्ट मिटून त्यानं ती गिळली.

"संख्या, अठ्ठ्याण्णव," उमज म्हणालं. "शेवटचा भाग. आता प्रश्न तू विचार. तुला ज्याचं उत्तर माहीत नाही असा."

बाणूनं टेकाडापर्यंत गेलेल्या मेंढरांच्या रांगेकडं बघितलं. मग म्हणाली, "समजा एक वाडा हाय. त्यातली मेंढरं संपतच न्हाईत. एकामागं एक रांगेत उभी, रांगेला शेवट न्हाई. मी एक आड एक मेंढी बाजूला काढली. अर्धी काढली. आता उरल्याली आधीपेक्षा कमी झाली का?"

"तुला काय वाटतं?"

"कमी न्हाई झाली. कारण मी जोड लावून बघितली. जुन्या रांगेतली पहिली, उरल्यालीतल्या पहिलीला. दुसरी दुसरीला. तिसरी तिसरीला. कुणीच एकटं ओरडत न्हाई. मग दोन्ही वाडं सारखंच झालं की! पण अर्धी तर मी काढून नेली. दोन्ही कसं खरं असंल?"

टॅबमधून काहीच आवाज आला नाही. बिराला वाटलं वाट तुटली, तो पुन्हा सारिकाला हाक मारणार होता, तेवढ्यात बाईंचाच आवाज आला. नियम असा होता की उमजचा अंदाज पार फसला तरच माणसानं मधे यायचं.

"बाणू, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. सांजेला कोकरं सोडताना सुचलं."

"ऐक." बाई भराभर बोलू लागल्या. "पावणेदोनशे वर्षांपूर्वी या एका प्रश्नावर जगातले मोठमोठे गणिती एकमेकांशी भांडले. ज्यानं तुझ्यासारखं उत्तर दिलं त्याला लोकांनी वेड्यात काढलं. पण तो बरोबर होता, आणि तूही बरोबर आहेस. ज्याला शेवट नाही त्याचा अर्धा भागही त्याच्याएवढाच असतो. आम्ही सगळे आधी मोजायला शिकतो, म्हणून जोड लावणं हे मोजण्याच्या आधीचं आहे हे आम्हाला फार उशिरा कळतं. तू उलटीकडून आलीस गं पोरी! आता सोमवारी पहिला वर्ग. शेवट नसलेले सगळे वाडे सारखेच असतात का, यावर आपण भांडू."

"नसत्यात?" बाणूचे डोळे मोठे झाले.

"सोमवारी!" बाई म्हणाल्या आणि हसल्या.

बिरानं काय केलं? त्यानं पटका काढून आभाळात फेकला. टेकाडावर सारिकाला काही ऐकू आलं नव्हतं, पण तो पटका दिसला आणि ती मेंढरांच्या मधोमध गरगर फिरली. शिस्तीत धरलेली सगळी रांग उधळली. उधळू दे, आता कुणाला हवी होती!

बाणू आईकडं पळायला निघाली, तोच टॅब पुन्हा बोलायला लागला.

"एक नोंद अपुरी आहे. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी एका विद्यार्थ्यानं तीनच्या पटीत मोजणी केली. मधे दोन वजा झाल्यावर न थांबता आकड्यांची सगळी रांग बदलली. त्याच्या पुढच्या आकड्यांबद्दलचा माझा अंदाज सहा वेळा चुकला. हा विद्यार्थी कोण?"

बाणू वळून पुन्हा मांडवात आली.

"ते माझे आबा," बाणू म्हणाली. "बिरुदेव लवटे. पण त्यांचं वय एक्केचाळीस हाय."

"वयाची अट अंकुर वर्गाला आहे," उमज म्हणालं. "मला नाही. नाव नोंदवू?"

"गप ए," बिरा टॅबवर खेकसला. "आता या वयात! लोक हसतील. बाणे, जा तू आईकडं, मेंढरं पांगली बघ सगळी."

बाणू हसत टेकाडाकडं धावत सुटली. ती बाभळीपलीकडं दिसेनाशी होईपर्यंत बिरा तसाच उभा राहिला. मग त्यानं इकडं तिकडं बघितलं, पटका उचलून झटकला, नीट बांधला, टॅब खांबावरून काढून मांडीवर घेतला आणि घसा खाकरला.

"हं, इचार," तो म्हणाला. "आणि मेंढरांवरच इचार."